भोजराजाचे विजय : दस्त आणि कब्जा

‘कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली’ ही म्हण महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाची आहे आणि आम्हां माळव्यातल्या मराठी मंडळींच्या तर ती रोजच्या बोलण्यात असते. या म्हणीची फोड करून सांगणारे एक स्पष्टीकरणही प्रचलित आहे. गंगू म्हणजे त्रिपुरीचा कलचुरी राजा गांगेयदेव आणि तेली म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तैलप. या दोघांना भोजाने धूळ चारली, आणि लोकांनी त्या पराभूतांना म्हणीत बसवले, असे ते स्पष्टीकरण. धारमध्ये याच जातकुळीची दुसरी कथा ऐकू येते. तिथल्या लाट मशिदीजवळ एका प्राचीन लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. एकत्र जोडले तर त्यांची लांबी सुमारे तेरा मीटर भरते. हा भोजाचा विजयस्तंभ असे विद्वान म्हणतात. पण गावकऱ्यांच्या लेखी ती गांगली नावाच्या राक्षसी तेलिणीच्या तागडीची दांडी आहे. स्तंभावर भोजाच्या काळचा एक शब्दही कोरलेला नाही, त्यामुळे दोन्ही पक्षांना आपापले म्हणणे मांडायला मोकळीक आहे.

नोकरीच्या निमित्ताने धार आणि देवास या दोन्ही जिल्ह्यांत माझी काही वर्षे गेली. महसूल खात्यातल्या माणसाचा इतिहासाशी संबंध जुन्या दप्तरापुरताच. परंतु धारमध्ये राहून भोजाविषयी उदासीन राहणे शक्य नसते. एका स्थानिक कार्यक्रमात मला भोजावर बोलण्याचा आग्रह झाला. मी उदयपूर प्रशस्तीचा आधार घेऊन, कैलासापासून मलयगिरीपर्यंत आणि उदयाचलापासून अस्ताचलापर्यंत पृथ्वी भोगणाऱ्या या राजाचे वर्णन मोठ्या उत्साहाने केले. टाळ्याही मिळाल्या. कार्यक्रम संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. आयुष्यभर पटवारी म्हणून काम केलेले, मराठीच. ते हळूच म्हणाले, “साहेब, दस्त झाला हे खरे. पण कब्जा किती दिवस राहिला?”

त्या प्रश्नाने मी त्या वेळी निरुत्तर झालो. जमिनीच्या कामात हा भेद आम्ही रोज पाहत होतो. कागद एकाच्या नावाचा असतो आणि जमीन कसणारा दुसराच निघतो. भोजाच्या विजयांना ही कसोटी लावून पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे. त्यात भोजाचा अधिक्षेप करण्याचा हेतू नाही. उलट, ही तपासणी केल्यावर त्याच्याविषयीचा माझा आदर वाढला, तो मात्र वेगळ्या कारणासाठी.

प्रथम साधनांविषयी थोडे सांगितले पाहिजे. बल्लाळाचा भोजप्रबंध हा सोळाव्या शतकातला ग्रंथ आहे. त्यात कालिदास भोजाच्या दरबारी येतो. पण कालिदास भोजाच्या कित्येक शतके आधी होऊन गेला. मेरुतुंगाचा प्रबंधचिंतामणी चौदाव्या शतकाच्या आरंभीचा, म्हणजे तोही भोजानंतर अडीचशे वर्षांनी लिहिलेला. ज्या उदयपूर प्रशस्तीवर मी विसंबलो होतो, ती विदिशा जिल्ह्यातल्या उदयपूरच्या मंदिरातली असून भोजाच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांनी कोरविलेली आहे. भोजाच्या हयातीतला भक्कम पुरावा म्हणजे त्याचे स्वतःचे ताम्रपट आणि त्याच्या शत्रूंचे व मांडलिकांचे लेख. यशाची बाजू प्रत्येक जण आपापल्या दगडावर लिहीत असल्यामुळे एकाचा दगड दुसऱ्याच्या दगडाशी ताडून पाहिल्याशिवाय गत्यंतर नसते.

भोज गादीवर आला तेव्हा परमारांच्या घराण्यावर एक जुनी जखम होती. त्याचा चुलता वाक्पतिराज मुंज हा स्वतः कवी आणि मोठा योद्धा. त्याने तैलपाशी अनेक युद्धे केली. शेवटच्या स्वारीत, मंत्री रुद्रादित्याने निक्षून सांगितले असतानाही, त्याने गोदावरी ओलांडली, असे मेरुतुंग सांगतो. मुंज पकडला गेला आणि दहाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तैलपाच्या कैदेत मारला गेला. मुंजानंतर भोजाचा पिता सिंधुराज राज्यावर आला आणि त्याच्यामागून इ.स. १०१० च्या सुमारास भोज. त्याचा सर्वांत जुना ताम्रपट मोडासा येथे सापडला असून तो इ.स. १०११ चा आहे. भोजाने एका नाटकात मुंजाच्या विटंबनेचा प्रसंग पाहिला, तो संतापला आणि त्याने तैलपावर चालून जाऊन त्याला ठार केले, अशी कथा आहे. कथा चित्तवेधक असली तरी ती कालगणनेत बसत नाही. भोज राज्यावर येण्यापूर्वी सुमारे बारा-तेरा वर्षे तैलप निवर्तला होता. म्हणजे आपल्या म्हणीतला ‘तेली’ भोजाच्या हाती कधी लागलाच नाही. तथापि दक्षिणेचे वैर त्याला वारसाहक्काने मिळाले होते, यात संशय नाही.

भोजाची पहिली मोठी मोहीम लाटदेशावर, म्हणजे दक्षिण गुजरातेवर झाली. तिथे कीर्तिराज हा चालुक्यांच्याच एका शाखेतला राजा राज्य करीत होता. त्याचा इ.स. १०१८ चा ताम्रपट सुरतेस मिळाला आहे, आणि त्याच सुमारास भोजाने त्याचा पराभव केला. धारेहून नर्मदेच्या खोऱ्याने उतरले की लाट, आणि लाटेच्या खाली उत्तर कोकण. सोपारा, ठाणे, चौल या बंदरांतून अरबस्तानाशी चालणारा व्यापार त्या काळी उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या हाती होता. समुद्र नसलेल्या माळव्याच्या राजाला त्या बंदरांचे महत्त्व कळले नसते तरच नवल. लाटेनंतर कोकण हा या मोहिमेचा क्रम भूगोलानेच ठरविलेला दिसतो.

कोकणच्या या स्वारीचे दोन अस्सल कागद, किंबहुना दोन अस्सल पत्रे, आपल्याकडे आहेत. एक राजस्थानातील बांसवाडा येथे मिळालेला ताम्रपट. त्याची मिती इ.स. १०२० च्या जानेवारीतील आहे. दुसरा इंदूर-धार रस्त्यावरील बेटमा येथे सापडलेला. तो त्याच वर्षीच्या सप्टेंबरातला. पहिले दान ‘कोंकणविजयपर्व’ या निमित्ताने दिले आहे, तर दुसरे ‘कोंकणग्रहणविजयपर्व’ या निमित्ताने. आठ महिन्यांच्या अंतराने काढलेल्या या दोन दस्तांतल्या ‘ग्रहण’ या एका शब्दाच्या फरकावर अभ्यासकांनी पुष्कळ विचार केला आहे. आधी युद्ध जिंकले आणि नंतर प्रदेश ताब्यात घेतला, असा काहींनी अर्थ लावला. पहिल्या विजयाचा हा वार्षिक उत्सव असावा, असेही काहींना वाटले. माझ्यासारख्याला मात्र या ताम्रपटांतील दुसऱ्याच गोष्टींनी गुंतवून ठेवले. बेटम्याच्या पत्र्यावर देल्ह नावाच्या पंडिताला नालतडाग हे गाव दिल्याची नोंद आहे. गावाची हद्द, गवत, गायरान, सोन्याच्या रूपाने आणि धान्याच्या रूपाने येणारे उत्पन्न, सगळे उल्लेखिले आहे. गावकऱ्यांना उद्देशून राजाची आज्ञा आहे, पुढच्या राजांना दान न मोडण्याची विनंती आहे आणि शेवटी राजाच्या सहीचा उल्लेख आहे. सापाला धरलेला गरुड ही परमारांची राजमुद्राही पत्र्यावर कोरलेली आहे. हजार वर्षांपूर्वीचा हा दस्त एखाद्या चांगल्या कारकुनाने आजही नापसंत केला नसता.

आता पटवारीबुवांचा प्रश्न. कोकणचा कब्जा किती दिवस? त्याचे उत्तर भोजाच्या ताम्रपटात मिळणार नाही. ते शोधण्यासाठी मिरजेला जावे लागते. मिरजेस मिळालेल्या इ.स. १०२४ च्या ताम्रपटात चालुक्य राजा दुसरा जयसिंह सांगतो की, आपण चोळांना मागे रेटले, सप्तकोकणाच्या अधिपतींचे द्रव्य हरण केले आणि आता उत्तर दिग्विजयासाठी कोल्हापूरजवळ तळ दिला आहे. पुढे इ.स. १०२६ च्या भांडुप येथील ताम्रपटात शिलाहार छित्तराज ठाण्याच्या प्रदेशात राज्य करताना दिसतो आणि त्यात भोजाच्या वर्चस्वाची खूण नाही. म्हणजे बेटम्याच्या दानानंतर चार वर्षांत कोकणचा डाव उलटला होता आणि सहा वर्षांत तिथे जुन्याच घराण्याचे राज्य सुरळीत चालू होते. नालतडागाचे दान ज्या विजयाच्या आनंदात दिले, तो विजय त्या दानाइतकाही टिकला नाही.

याच काळात भोजाने राजकारणातला एक फार मोठा डाव मांडला होता. चालुक्यांविरुद्ध त्याने दक्षिणेतला राजेंद्र चोळ आणि पूर्वेकडचा गांगेयदेव कलचुरी यांच्याशी संधान बांधले. उत्तर, दक्षिण आणि पूर्व अशा तिन्ही दिशांनी एकाच वेळी जयसिंहाला गाठायचे, ही कल्पना. तंजावर, त्रिपुरी आणि धारा यांच्यातील अंतरे नकाशावर पाहिली म्हणजे या योजनेचा आवाका लक्षात येतो. पण निकाल? इ.स. १०१९ च्या बळ्ळिगावी येथील लेखात जयसिंहाला भोजरूपी कमळाला मिटविणारा चंद्र म्हटले आहे, आणि इ.स. १०२८ च्या कुलेनूर लेखात त्याच्या सरदाराने या तिघांच्या गजदळांची दाणादाण उडविल्याची नोंद आहे. दुसऱ्या बाजूने भोजाच्या वंशजांच्या व मांडलिकांच्या लेखांत कर्णाटांवरील जय गाजवलेला आहेच. दोन्ही पक्ष जिंकल्याचे सांगतात, तेव्हा सीमा हलली की नाही हे पाहावे. ती फारशी हललेली दिसत नाही. गंमत अशी की, म्हणीतला ‘गंगू’ म्हणजे गांगेयदेव हा या मोठ्या युद्धात भोजाचा शत्रू नसून मित्र होता. पुढे मात्र त्यांचे बिनसले. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांच्या प्रयत्नाने १९०३ साली उजेडात आलेल्या ‘पारिजातमंजरी’ या शिलेवर कोरलेल्या नाटिकेत गांगेयाच्या पराभवाचा उल्लेख आहे. म्हणजे म्हण अर्धी खरी ठरते.

परंतु सारेच दस्त कब्जाविना राहिले असे म्हणणे अन्यायाचे होईल. नाशिक जिल्ह्यातील कळवण येथे एक ताम्रपट मिळाला आहे. त्यात भोजाचा मांडलिक यशोवर्मा याचा उल्लेख असून त्याच्या ताब्यात पंधराशे गावे असल्याचे नमूद आहे. त्याच्या हाताखालच्या गंगवंशीय सामंताने श्वेतपद प्रदेशातील जैन मंदिराला दिलेल्या दानाची ती नोंद आहे. हा पुरावा लढाईचा नसून महसुलाचा आहे, म्हणून मला तो शंभर प्रशस्तींपेक्षा मोलाचा वाटतो. ज्याच्या नावाने गावोगावचे दान होते, त्याचा अंमल तिथे चालतो. तसाच दुसरा पुरावा गुजरातेतील तिलकवाडा येथील इ.स. १०४७ च्या ताम्रपटाचा. तिथेही भोजाचा सामंत कारभार पाहत आहे. म्हणजे राज्याभिषेकानंतर सदतीस वर्षांनीही नर्मदेच्या खालच्या खोऱ्यात भोजाचा शब्द चालत होता. वागड, चितोड, विदिशा, नर्मदातीर आणि गोदावरीच्या उत्तरेचा काही भाग हे त्याचे खरे राज्य. ते लहान नव्हते; पण ते कैलासापासून मलयापर्यंतही नव्हते.

भोजाच्या हयातीत या राज्याचे दूरवरून दर्शन घेतलेला एक परका लेखक आहे. अल्बेरुनीने इ.स. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या हिंदुस्थानवरील ग्रंथात, धारेत सध्या भोजदेव राज्य करीत आहे, असे नोंदवले आहे. त्याने धारेहून दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटेचे टप्पेही दिले आहेत. त्यात नर्मदेवरचे नेमावर आहे, मग अलिसपूर, जे बहुतेक अभ्यासक अचलपूर मानतात, आणि शेवटी गोदावरीचा काठ. नेमावर आज देवास जिल्ह्यात आहे. तिथल्या सिद्धेश्वराच्या परमार शैलीच्या देवळापाशी उभे राहून नर्मदेचे संथ पात्र पाहताना, मुंजाच्या सेना याच वाटेने गेल्या असतील काय, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. माळव्याचा आणि दख्खनचा सारा इतिहास या दोन नद्यांमधल्या वाटेवर घडला आहे. कधी वरचे खाली गेले, कधी खालचे वर आले.

उत्तरेकडील मोहिमांचा हिशेब थोडक्यात मांडता येईल. शाकंभरीचा चाहमान राजा वीर्याराम भोजाच्या हातून मारला गेला, अशी नोंद खुद्द चाहमानांच्या बाजूच्या पृथ्वीराजविजय काव्यात आहे. शत्रूनेच दिलेली कबुली म्हणून ती ग्राह्य धरावी. उलट नड्डूलच्या अणहिल्लाने भोजाचा सेनापती साढ याला ठार केले, असे सुंधा टेकडीचा लेख सांगतो. ग्वाल्हेरवर चालून गेलेल्या माळव्याच्या सैन्याचा कच्छपघात कीर्तिराजाने पराभव केला. सास-बहू मंदिरातील इ.स. १०९३ च्या लेखात त्याचे जे वर्णन आहे, ते विसरता येत नाही. पळणाऱ्या सैनिकांच्या हातून गळून पडलेले भाले गावकऱ्यांनी गोळा केले आणि आपापल्या घरांभोवती रचून ठेवले. दरबारी कवीची ही अतिशयोक्तीही असेल. परंतु युद्धातला माल अखेर कोणाच्या अंगणात जातो, हे त्याने नेमके टिपले आहे. गुजरातचा चौलुक्य भीम सिंधवर गेलेला असताना भोजाचा सेनापती कुलचंद्र याने अणहिलपाटण लुटले, ही कथा मेरुतुंगाची. त्या लुटीचे उट्टे पुढे निघायचे होते.

ते निघण्यापूर्वी दक्षिणेकडून आघात झाला. जयसिंहाचा मुलगा सोमेश्वर आहवमल्ल याने इ.स. १०४० नंतरच्या दशकात माळव्यावर स्वारी केली. विक्रमांकदेवचरिताचा कर्ता बिल्हण सांगतो की, भोजाला धारा सोडून पळावे लागले. सोमेश्वराच्या सरदारांचे लेखही हेच सांगतात. त्यांपैकी एकाने मांडवगड घेतल्याचा दावा आहे. दुसरा सेनापती नागदेव, त्याच्या लेखात भोजरूपी सर्पाचा गरुड म्हणवला गेला आहे. ज्या राजाची मुद्राच सर्प धरणारा गरुड होती, त्यालाच सर्प म्हणून हिणवण्यात त्या कानडी लेखकाचा खोचकपणा दिसतो. धारा लुटली गेली. ज्या नगरीची ख्याती सरस्वतीचे माहेर म्हणून होती, तिचे दरवाजे शत्रूला मोकळे झाले.

इथे भोजाच्या स्वभावाचा एक विशेष मला जाणवतो. त्याच्या नावावर असलेला ‘राजमृगांक’ हा ज्योतिषाचा करणग्रंथ शके ९६४ म्हणजे इ.स. १०४२ हे आरंभवर्ष धरून रचलेला आहे. म्हणजे शत्रू दक्षिणेत शस्त्रे पारजीत असताना, किंवा नुकताच येऊन गेलेला असताना, धारेत ग्रहगणित चालू होते. ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथाच्या नावात समरांगण आहे, पण आत नगररचना, घरे, देवळे आणि यंत्रे यांचा विचार आहे. ‘शृंगारप्रकाश’, ‘सरस्वतीकंठाभरण’, योगसूत्रांवरील ‘राजमार्तंड’ अशी ही मालिका चालतच राहते. यांतला प्रत्येक शब्द राजाने स्वतः लिहिला, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. राजाच्या आश्रयाखाली पंडितमंडळाने काम केले असेल. तरी पंचेचाळीस वर्षे सतत कुठे ना कुठे सैन्य पाठवणाऱ्या राजाने हे मंडळ उपाशी ठेवले नाही, एवढे तरी सिद्ध होते.

शेवट दुःखद झाला. गांगेयाचा मुलगा कर्ण आणि गुजरातचा भीम हे दोघे एकत्र आले आणि त्यांनी दोन बाजूंनी माळव्यावर चाल केली. वेढा पडत असतानाच इ.स. १०५५ च्या सुमारास भोज आजारी पडून वारला. रणांगणावर मरण येण्याचा मानही त्याला लाभला नाही. धारा शत्रूच्या हाती गेली. नागपूरच्या संग्रहालयात परमारांची एक मोठी प्रशस्ती आहे, इ.स. ११०४ च्या सुमाराची. भोजाच्या पश्चात राज्यावर पूर आला आणि राजा त्यात बुडाला, असे तीत म्हटले आहे. आपल्या घराण्यावरील आपत्ती इतक्या स्पष्टपणे लिहिणारे प्रशस्तिकार फारसे आढळत नाहीत. भोजाचा वारस जयसिंह याने मदतीसाठी हात पसरले ते कोणापुढे? ज्याने धारा लुटली होती, त्याच सोमेश्वरापुढे. सोमेश्वराचा मुलगा विक्रमादित्य याने माळव्याच्या राजाला पुन्हा गादीवर बसवले, असे बिल्हण लिहितो. तीन पिढ्यांच्या वैराचा निकाल असा लागला. पुढे भोजाचा भाऊ उदयादित्य याने राज्य सावरले. त्याचा मुलगा जगद्देव मात्र त्याच विक्रमादित्याच्या सेवेत दक्षिणेत राहिला. यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगाव येथे त्याचा इ.स. १११२ चा शिलालेख आहे. उदयादित्याचा दुसरा मुलगा नरवर्मा माळव्याच्या गादीवर आला; त्याचा एक ताम्रपट देवासला सापडला आहे.

मग उरले काय? भोपाळजवळ भोजपूरला जावे. तिथले शिवमंदिर भोजाचे म्हणून ओळखले जाते आणि ते अपुरे राहिले आहे. शिखर नाही. मागे दगड वर चढवण्यासाठी बांधलेला उतार तसाच आहे आणि आसपासच्या खडकांवर मंदिराचे आराखडे कोरलेले आहेत. जणू कारागीर जेवणासाठी उठून गेले आणि परतले नाहीत. जवळच दोन टेकड्यांमध्ये बांध घालून अडवलेला प्रचंड तलाव होता. तो पंधराव्या शतकात मांडूच्या होशंगशहाने फोडला. बांध फोडायला तीन महिने लागले, पाणी ओसरायला तीन वर्षे आणि जमीन वस्तीला योग्य व्हायला तीस वर्षे, अशी दंतकथा आहे. आकडे दंतकथेचे आहेत. पण बांधाचे अवशेष आजही डोळ्यांनी पाहता येतात. म्हणजे कोकणचा विजय चार-सहा वर्षे टिकला, आणि हे पाणी चारशे वर्षे. एवढ्या कालावधीत त्या पाण्याच्या काठी किती पिढ्या वाढल्या असतील!

आता आपल्या घराकडे वळू. भोजानंतर सुमारे पावणेसातशे वर्षांनी, नोव्हेंबर १७२८ मध्ये, धारजवळच्या आमझऱ्याला चिमाजीअप्पांच्या फौजेने मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. त्या फौजेत उदाजी पवार होते. पुढे आनंदराव पवारांच्या घराण्याकडे धार आले आणि तुकोजी व जिवाजी या दोन भावांकडे देवास. देवासच्या टेकडीखाली एकाच गावात थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन राज्ये १९४८ पर्यंत नांदली. हे पवार स्वतःला परमारांचे वंशज मानीत. भोजाच्या काळी धारेचे सैन्य गोदावरीकडे उतरत असे. या वेळी गोदावरीच्या पलीकडून माणसे धारेत आली आणि त्यांनी भोजाला आपला पूर्वज म्हटले. वंशावळीची साखळी कडी-कडीने जुळते की नाही, हा वाद विद्वानांवर सोपवावा. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, माळव्यात राज्य स्थापू पाहणाऱ्या घराण्याला भोजाचे नाव हवेसे वाटले. सोमेश्वराचे नाव कोणी घेतले नाही, जरी धारा जिंकली होती ती सोमेश्वरानेच.

धारमध्ये भोजाच्या नावाशी जोडलेल्या वास्तूंवरून जे वाद चालत आले आहेत, त्यांत मी इथे हेतुतः शिरलो नाही. तो या लेखाचा विषय नव्हे. मात्र एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. आपण एखाद्या प्राचीन राजाच्या विजयांची यादी वाचतो, तेव्हा ती पुष्कळदा आपल्या आजच्या अभिमानासाठी वाचतो. ती यादी खरी करण्याच्या नादात पराभव झाकले जातात. आणि पराभव झाकले की माणूसही झाकला जातो. ज्याची राजधानी त्याच्या देखत लुटली गेली आणि तरीही ज्याने लेखणी, बांध आणि देऊळ सोडले नाही, तो भोज मला कैलासापर्यंत पृथ्वी जिंकणाऱ्या भोजापेक्षा अधिक जवळचा वाटतो.

ते पटवारीबुवा आता हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहूनच गेले. आज ते भेटले असते, तर मी त्यांना म्हटले असते, “बाबा, तुमची शंका रास्त होती. कोकणचा कब्जा गेला, पाटणचा नव्हताच, आणि शेवटी धारेचाही गेला. पण एका जमिनीवरचा कब्जा मात्र अजून कायम आहे. खेड्यातली अडाणी बाईसुद्धा मोठेपणाचे माप सांगताना आजही त्याचेच नाव घेते. त्या नोंदीवर हजार वर्षांत कोणाची हरकत आलेली नाही.”

त्यावर ते बहुधा हसले असते, आणि दप्तर बांधून उठले असते.